हरवलं नाही, काढलं

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी अप्पांनी पेठेत पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी माझं शिक्षण संपल्याचं जाहीर केलं. दोन्ही बातम्यांना पेढे तेच. “लई झालं शिकून,” ते म्हणाले, “आता अव्वाच्या हाताखाली चार गोष्टी शीक की.” मार्क चांगले होते. कॉलेज चालत जाण्याइतकं जवळ होतं. आमच्या भुसाराच्या दुकानाला फी जड नव्हती. म्हणजे नाही म्हणायला एकही धड कारण नव्हतं, आणि तीच तर अडचण होती. कारण दिलं की ते खोडता येतं. ‘लई झालं’ कुठून खोडायचं?

मी अव्वाकडं बघितलं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती मैंदर्गीची, लिहितावाचता न येणारी, रागावली किंवा घाबरली की कानडीत शिरणारी. तिनं पेढ्यांचं ताट उचललं आणि मला हळूच म्हणाली, “सुम्न कुंद्र.” गप बस. मी बसले. पण गप बसणं हा माझा स्वभाव नाही, त्यामुळं ते आतल्या आत फार दिवस धुमसत राहिलं.

दुष्काळ नुकताच सरला होता. शहर सकाळी गिरणीच्या भोंग्यानं उठायचं, नळाला पाणी आलं की पळायचं आणि दुपारी उन्हात गपगार पडायचं. त्या दुपारीच माझा जीव नकोसा व्हायचा. डाळ पाखडायची, पापड लाटायचे, कुणी ‘बघायला’ येणार असलं की तोंड धुवायचं. शेवटी मी ठरवलं, कॉलेज नाही तर नाही, आपलं आपण शिकायचं. पेठेच्या टोकाला एक जुनं वाचनालय होतं. दुपारची वेळ तिथं बायकांसाठी राखलेली होती. अप्पांनी परवानगी दिली, कारण वाचनालय म्हणजे व्रतकथा आणि लोणच्यांची कृती अशीच त्यांची समजूत होती. मी ती समजूत सांभाळली.

तिथं पुस्तकाला हात लावता येत नसे. सगळी पुस्तकं काचेच्या कपाटात, कपाटांना कुलपं, आणि किल्ल्यांचा जुडगा ग्रंथपालांच्या कमरेला. आपण नाव सांगायचं, ते उठायचे, आणि आणून भलतंच द्यायचे. “ताई, ते तुम्हाला झेपायचं नाही. हे न्या, कौटुंबिक आहे.” कौटुंबिक! कुटुंबाला कंटाळूनच तर मी घरातनं बाहेर पडले होते. शिवाय मला नावं तरी कुठली ठाऊक असणार? शाळेत ऐकलेली चार, ती संपली की मी आंधळी. मग मी एक युक्ती काढली. एका कपाटावर ‘अभिजात’ अशी पट्टी होती. मी ग्रंथपालांना सांगितलं, त्या कपाटातलं वरच्या फळीचं डावीकडचं पहिलं द्या. ते परत केलं की त्याच्या शेजारचं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “असं कुणी वाचतं का?” “मी वाचते,” मी म्हणाले.

असं माझं विद्यापीठ सुरू झालं. जगातले थोर लोक मला वर्णानुक्रमानं भेटले. कोण आधीचा, कोण नंतरचा, कोण कुणाला उत्तर देतोय, काही पत्ता नाही. कुठल्या तरी बर्फाळ देशातली जाडजूड कादंबरी झाली की तिला चिकटून संस्कृत नाटक, त्याच्यापुढं ग्रीक राजे एकमेकांचे गळे कापतायत. नावं जड, भाषांतर त्याहून जड. एकदा एक पुस्तक आलं, गुरांच्या रोगांवर. लाळ्या, फऱ्या, घटसर्प, सगळं चित्रांसकट. मी ते अखेरपर्यंत वाचलं. अभिजात कपाटात आहे म्हणजे यात काहीतरी खोल असणार, फऱ्या म्हणजे नुसता फऱ्या नसणार, अशा श्रद्धेनं मी त्याच्यावर मान मोडून विचार केला. परत देताना ग्रंथपाल म्हणाले, “अरेच्चा, हे इथं कसं आलं?” आणि शेतकीच्या कपाटात सारून मोकळे झाले. मला तेव्हा रडू आलं. हसू यायला हवं होतं हे आता कळतं, पण मला ‘हे खरं आणि हे चुकून आलेलं’ असं सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. गुरू नसलेल्या माणसाची ही गत. त्याचं चुकतं ते चुकतंच, पण चुकलंय हेही त्याला दुसऱ्याच्या हसण्यातून कळतं.

त्याच फळीवर पुढं ते पुस्तक निघालं. एका परदेशी पंडितानं लिहिलेलं, काळ्या कापडी बांधणीचं, देव आहे की नाही याबद्दलचं. पण निघाला तो फक्त दुसरा भाग. पहिला भाग जागेवर नव्हता. “वकीलसाहेबांकडं आहे,” ग्रंथपाल म्हणाले. “मग मागवा.” “ते कमिटीवर आहेत, ताई. त्यांच्याकडं कोण मागणार?” किती वर्षं त्यांच्याकडं होता, देव जाणे, आणि देवाबद्दल तर तिथंच शंका होती. मी नाइलाजानं दुसरा भाग घरी नेला. त्यात पानोपानी एकच वाक्य: पहिल्या भागात सिद्ध केल्याप्रमाणे. पहिल्या भागात सिद्ध केल्याप्रमाणे अमुक टिकत नाही. पहिल्या भागात दाखवल्याप्रमाणे तमुक संभवत नाही. हातातलं पुस्तक भिंतीवर आपटायचं तेवढं बाकी राहिलं. माझ्या डोक्यातला देव रोज थोडा थोडा ढासळत होता, आणि तो कशामुळं ढासळतोय याचा पुरावा एका वकिलाच्या घरी धूळ खात पडला होता.

हे कळायला आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आम्ही लिंगायत. आमच्यात मुलगा असो की मुलगी, तान्हेपणीच स्वामी, म्हणजे आमचे जंगम गुरू, गळ्यात इष्टलिंग, रोजच्या पूजेचं लहानसं शिवलिंग, बांधतात. माझं चांदीच्या लहानशा डबीत होतं. डबी आजोळची, आणि तिच्या कडेला माझ्या दुधाच्या दातांच्या खुणा होत्या. जन्मापासून मातीत जाईपर्यंत लिंग अंगावेगळं करायचं नाही. सकाळी आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावायची, डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, पाणी, विभूती, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्यावर नजर लावून बसायचं. ते झाल्याशिवाय तोंडात घास नाही. ज्याचं लिंग हरवतं त्यानं ते सापडेतोवर, नाहीतर स्वामी दुसरं बांधेतोवर, जेवायचं नसतं.

लहानपणी मला याचा ताठा होता. शाळेतल्या मैत्रिणी देवळात जायच्या, रांगा लावायच्या, पुजाऱ्याची वाट बघायच्या. माझा देव माझ्या हातात. मधे कुणी नाही. पण आता सकाळी तळहाताकडं टक लावली की मला दिसायचा लिंगावरचा काळा लेप, त्याच्यावर खिडकीचा उजेड, आणि माझ्या बोटाला लागलेली हळद. बस. आधी त्या जागी थंड वाटायचं, छातीत काहीतरी निवल्यासारखं व्हायचं. ते कधी गेलं कळलंच नाही. गेलं याचं वाईट वाटायचं आणि वाईट वाटतंय याचा राग यायचा. पुस्तकात एकाही शहाण्यानं लिहिलं नव्हतं की देव गेल्यावर इतकं चुकल्याचुकल्यासारखं होतं.

विचारायचं कुणाला? अप्पांना विचारलं, “अप्पा, शिव जर आतच आहे तर बाहेर कशाला बांधायचा?” अप्पा तुरीचा नमुना तळहातावर घेऊन फुंकर मारत होते. “असं बांधलंय म्हनून आत हाय,” ते म्हणाले आणि तूर परत पोत्यात टाकली. उत्तर वाईट नव्हतं, पण त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. मग श्रावणात स्वामी घरी जेवायला आले. पाय धुऊन झाले, पूजा झाली, ताट वाढलं, तेव्हा मी धीर करून तोच प्रश्न त्यांना विचारला. ते मोठ्यानं हसले. आनंदानं हसले, हेही सांगते. मग अप्पांकडं वळून म्हणाले, “पोरगी हुशार हाय. लौकर बघा कुटंतरी.” गाढवापुढं वाचली गीता म्हणतात, ते मला आठवलं, पण ते स्वामींना कसं लावायचं, म्हणून गिळलं. भाजी वाढायच्या निमित्तानं मी आत गेले ती बाहेर आलेच नाही.

दुसरा भाग मी पुन्हा काढून आणला, आणि पुन्हा. त्यात एका प्रकरणात तो पंडित म्हणतो, जे पटत नाही ते रोज करत राहणं म्हणजे रोज थोडं खोटं खाणं. हे काही पहिल्या भागात सिद्ध केल्याप्रमाणे नव्हतं. हे सरळ होतं, आणि ते मला लागलं. रोज सकाळी जेवणाआधी मी तेच खात होते. एका सोमवारी आंघोळ करून आले, कपाळाला विभूती लावली नाही, आणि गळ्यातला दोरा, ज्याला आम्ही शिवदारा म्हणतो, डोक्यावरून काढला. डबी माझ्या पत्र्याच्या पेटीत, शाळेच्या युनिफॉर्मखाली ठेवली. वीज पडली नाही. अव्वा चुलीपाशी भाकरी थापत होती, पलीकडच्या गल्लीत पद्मसाळ्यांचे माग खटखटत होते, सगळं जिथल्या तिथं. मला वाटलं, एवढंच? एवढ्यासाठी इतकं?

जेवायला बसले. भाकरी मोडली, आमटीत बुडवली, तोंडात घातली, आणि घास फिरत राहिला. खाली उतरेना. पाण्याबरोबर ढकलला तर पाणीच परत आलं. मी माझ्यावरच चिडले. डोक्याला सगळं पटलं होतं. घशाला कुणी विचारलंच नव्हतं. आयुष्यभर ‘पूजा नाही तर घास नाही’ हे त्याला शिकवलेलं, आणि तो कुठलंही पुस्तक न वाचता आपल्या शिकवणीला चिकटून बसलेला. मी भाकरी पदराखाली दडवली आणि गोठ्यातल्या गाईला घातली. रात्री तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. भुकेनं डोळ्यापुढं अंधारी यायला लागली, आणि गाय मात्र खूष होती.

दुपारी अव्वा माझ्या केसांना तेल लावायला बसली. मी तिच्या गुडघ्याशी बसले होते. वेणी सोडून तिनं केस पुढं सारले आणि तिचा हात मानेवर थांबला. तेलाचा एक थेंब पाठीवर ओघळला. मी वाट बघितली. आता विचारेल, आता सांगू, सरळ सांगू. काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं, चांगली दोन वाक्यं होती. तिनं विचारलं नाही. उठून आत गेली. मला वाटलं फणी आणायला गेली असेल. बराच वेळ गेला. मग माजघरातून तिचा आवाज आला, गल्लीला ऐकू जाईल असा: “यव्वा! पोरीचं लिंग हरवलं की ओ!”

त्यानंतर जे झालं ते आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो. चूल विझली. अप्पा दुकानाला कुलूप लावून धावत आले. शेजारपाजारच्या बाया पदर खोचून आल्या. कुणी न्हाणीची मोरी उपसायला लागलं, कुणी गोठ्यातलं शेण चिवडायला लागलं. गाईला कोंडा मी घालते, म्हणून कोंड्याची पाटी पालथी केली. दुकानातून तुरीची पोती आणून अंगणात ओतली, कारण परवा मी तिथं नमुना बघायला हात घातला होता. आणि हे सगळं उपाशीपोटी, कारण घरात एक उपाशी म्हणजे घरच उपाशी. म्हाताऱ्या शेजारणीनंसुद्धा भाकरी झाकून ठेवली.

मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि ओरडले, “हरवलं नाही! मी काढलंय!”

सगळे थांबले. अप्पा म्हणाले, “काढलंय म्हंजे? आंगुळीला काढलं आन् इसरलीस?”

“आंघोळीला नाही. मुद्दाम काढलं. मला पटत नाही म्हणून काढलं.”

“काय पटत न्हाय?”

“सगळंच.”

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी कानडीत बोललेय आणि त्यांना कानडी येत नाही. आणि कानडी तर त्यांना चांगली येते. शेजारीण म्हणाली, “उपासानं पोरीचं डोस्कं फिरलंया.” मी म्हणाले, डोकं फिरलं नाही, डबी पेटीत आहे, युनिफॉर्मखाली, या, दाखवते. सगळे माझ्यामागून आत आले. मी पेटी उघडली, युनिफॉर्म उचलला. खाली पेटीचा गंजलेला तळ.

मी युनिफॉर्म झटकला. खिसे उलटे केले. एकूण एक कपडा बाहेर काढला. पेटी उलटी करून आपटली. डबी नव्हती. आणि मग काय झालं ते सांगताना अजून लाज नाही, संताप येतो: मला दरदरून घाम फुटला. मी, जिला देव नको होता, जिनं दुसरा भाग तीनदा वाचला होता, ती त्या बायांच्याही पुढं होऊन भुईवर गुडघे टेकून पेटीमागं, पाट्यामागं, उतरंडीमागं हात घालून शोधायला लागले. तोंडानं काय बडबडत होते कुणास ठाऊक. शेजारीण नंतर सांगायची, पोर ‘शिवा शिवा’ करत होती. मी ते मान्य करत नाही.

डबी सापडली नाही. झालं. माझं सगळं बंड तिथंच संपलं. जो माणूस ‘मी फेकून दिलं’ म्हणतो आणि ते दाखवू शकत नाही, त्याला लोक हरवणारा म्हणतात. गल्लीनं निकाल दिला: लई वाचती, म्हणून ध्यान न्हाय. थोर माणसांवर खटले चालतात, त्यांना विषाचे पेले मिळतात, जाळतात, हाकलतात. मला वेंधळी ठरवलं. नास्तिक म्हणायचीसुद्धा कुणी तसदी घेतली नाही. आणि अप्पांनी शिक्षा सुनावली ती देवाबद्दलची नव्हतीच. “ते पुस्तकाचं खूळ बंद,” ते म्हणाले. “उद्यापासनं लायब्ररी न्हाय.”

आता माझ्यापुढं काय होतं ते नीट सांगते. खरं धरून बसले तर पुस्तकं गेली, आणि पुस्तकं गेली म्हणजे उरलं पापड आणि ‘बघायला आलेत’. पुस्तकं हवी असतील तर खोटं गळ्यात बांधायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या कपाटातल्या एकाही शहाण्याला वाचनालयात जायला अप्पांची परवानगी लागत नव्हती, त्यामुळं त्यांच्यापैकी कुणीच मला मदत करू शकला नाही.

संध्याकाळी मला मठात नेलं. रिकाम्या पोटी पायऱ्या चढताना अव्वानं माझं मनगट धरलं होतं. स्वामींनी नवं लिंग काढून ठेवलं होतं. रिवाजाप्रमाणं त्यांनी विचारलं, “पहिलं कसं गेलं?” अव्वानं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली. मी तिच्याकडं बघितलं. ती समोर बघत होती. अप्पा भिंतीला टेकून उभे होते, दुपारपासूनच्या उपासानं त्यांचा चेहरा ओढलेला. मला तो काळ्या बांधणीचा दुसरा भाग आठवला, आणि वकिलाकडचा पहिला.

“हरवलं,” मी म्हणाले.

स्वामींनी दोरा बांधला. मग अव्वा, जी स्वामींसमोर कधी तोंड उघडत नसे, ती म्हणाली, “स्वामी, पोरीनं वाचावं का न्हाय?” अप्पा दचकले. स्वामी म्हणाले, “वाचनात काय पाप हाय? ध्यान ठिवून वाचावं. सकाळची पूजा अप्पांच्या डोळ्यांसमोर करावी, म्हंजे चुकायचं न्हाय.” स्वामींचा शब्द खाली पाडायची अप्पांची छाती नव्हती. घरी आलो, चूल पेटली. मी पहिला घास घेतला आणि तो लोण्यासारखा उतरला. मी चार भाकरी खाल्ल्या. प्रत्येक घासाला मला माझी चीड येत होती आणि तरी हात थांबत नव्हता.

त्यानंतरचे महिने तसेच गेले. सकाळी अप्पांसमोर बसून मी तळहाताकडं टक लावायची आणि मनात वाचलेल्या प्रकरणांची उजळणी करायची. माझी पूजा लवकर आटपायची, पण जेवण लांबायचं, कारण अव्वाची पूजा अलीकडं फार लांबायला लागली होती. आधी ती झटपट उरकून चुलीकडं पळायची. आता पाठ फिरवून, पदर ओढून बसली की बसलीच. माझं पोट कावकाव करायचं. वयाप्रमाणं बायका जास्तच देवभोळ्या होतात, असं मी तेव्हा मोठ्या शहाणपणानं ठरवून टाकलं होतं.

त्याच वर्षी ग्रंथपालांनी एके दिवशी किल्ल्या बाजूला ठेवून ड्रॉवरमधून एक पुस्तक काढलं. काळी कापडी बांधणी. पहिला भाग! वकीलसाहेबांनी घर बदललं, तेव्हा तो परत आला होता. मी तो छातीशी धरून घरी आणला, उघडला, आणि पानं एकमेकांना जोडलेलीच. छापखान्यातून आल्यावर कडा कुणी कापल्याच नव्हत्या. इतकी वर्षं वकीलसाहेबांनी तो ठेवून घेतला होता आणि एक पान उघडलं नव्हतं. मी केसातल्या आकड्यानं एकेक पान फाडत वाचलं. पहिल्या भागात काहीही सिद्ध केलेलं नव्हतं. देव म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, शब्द म्हणजे काय, याच्या व्याख्या होत्या, आणि शेवटी लिहिलं होतं की सिद्धता दुसऱ्या भागात येईल.

पुढचा पावसाळा संपता संपता अव्वाला ताप आला. अप्पा दुकानात होते. ती ग्लानीत होती, पोलकं घामानं भिजून अंगाला चिकटलेलं. मी कोमट पाण्यात फडकं बुडवून आणलं, तिला टेकवून बसवलं आणि पोलक्याची बटणं काढली. तिच्या गळ्यात दोन शिवदारे होते.

मला आधी कळेना. एका अंगाला एकच लिंग, हे आमच्यात पोराटोरांना ठाऊक. एका दोऱ्याला तिची डबी, वापरून गुळगुळीत झालेली. दुसऱ्या दोऱ्याला लहान डबी, कडेला दातांच्या खुणा असलेली. मी ती हातात धरली. चांदी तिच्या तापानं गरम झाली होती.

“हे माझं आहे,” मी म्हणाले.

तिनं डोळे उघडले. “व्हय.”

“म्हणजे पेटीतून तू घेतलंस. मी सगळ्यांसमोर खरं सांगत होते आणि तू मला वेडी ठरू दिलंस!”

“हळू बोल, यव्वा.”

“का केलंस असं? अख्खी गल्ली शेणात हात घालत होती, आणि ते तुझ्या गळ्यात!”

“हरवलं तर स्वामी दुसरं बांधत्यात,” ती म्हणाली. “काढलं म्हटल्यावर कोन काय करनार? तुज्या अप्पानं म्हैन्याच्या आत लगीन लावून दिलं असतं.”

“मग पेटीतच दडवायचं. गळ्यात कशाला घातलंस? हे चालतं का?”

“चालत न्हाय,” ती म्हणाली. “पर पेटीत ते उपाशी ऱ्हाईल की.”

म्हणजे रोज सकाळी पाठ फिरवून, पदर ओढून ती दोन पूजा करत होती. एक तिची, एक मी टाकलेली. मला इतका राग आला की फडकं हातातच पिळलं गेलं आणि पाणी अंथरुणावर सांडलं. एवढ्या घरात, एवढ्या गल्लीत, माझा देवावरचा विश्वास गेलाय यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि त्यानंच मला खोटं पाडलं होतं. भांडावं तरी कसं? मी डबी सोडून दिली. ती तिच्या छातीवर परत पडली, तिच्या डबीला लागून.

मी तिचं अंग पुसलं, कोरडं पोलकं घातलं, बटणं लावली. ती म्हणाली, “त्या पुस्तकात देव न्हाय म्हनून लिवलंय काय?”

“हो.”

“समदं वाचलंस?”

“दोन्ही भाग.”

“आता जेवन जातंय न्हवं तुला?”

“जातं,” मी म्हणाले.

“मग झालं,” ती म्हणाली, आणि दोन्ही दोरे पदराखाली सारून कुशीवर वळली.